ताणली नाही, गुंडाळली

मी एमबीएच्या मुलांना केस शिकवतो. एखादी कंपनी, तिच्यापुढचा पेच, चार तक्ते आणि शेवटी ‘त्या खुर्चीत तुम्ही असता तर?’ हा ठरलेला प्रश्न. ही केस माझ्या स्वतःच्या घरातली आहे, आणि खुर्ची तिच्यातही आहे. नागपुरातल्या खामल्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, २० मे २०१९ चा सोमवार, सकाळचे साडेसहा, आठ माणसं, एक डेझर्ट कूलर आणि एका लोखंडी सिंहासनासाठी भांडणाऱ्या राजघराण्यांच्या मालिकेचा, ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा, ७३ वा म्हणजे शेवटचा भाग. आठला माझा शाळेपासूनचा दोस्त पोह्याची प्लेट तशीच ठेवून जिना उतरला. तीन वर्षं परत आला नाही.

एका मालिकेपायी! माझी बायको अजून असंच म्हणते, आणि वरवर पाहता तिचं बरोबर आहे.

आमचं मंडळ जमलं २०१४ मध्ये, चौथ्या सीझनच्या वेळी. तेव्हा सगळा कारभार पेनड्राइव्हवर. तो कुठून यायचा हे विचारायची पद्धत नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये हॉटस्टारवर सहावा सीझन अमेरिकेच्या पाठोपाठ दिसायला लागला आणि आम्ही एकदम इज्जतदार झालो. तिकडची रविवारची रात्र नऊ म्हणजे आपली सोमवारची सकाळ साडेसहा. ऑफिस, कोर्ट, दुकान उघडायच्या आधीची वेळ. चहा माझ्याकडे, पोहे आळीपाळीने, तर्री मात्र चौकातल्या ठेल्यावरूनच, कारण घरची तर्री कोणालाच मान्य नव्हती. भाग संपेपर्यंत फोन चपलांच्या स्टँडवर. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सातव्या सीझनचा चौथा भाग आपल्याच देशातून आधी फुटला आणि मुंबईत चौघांना अटक झाली, तेव्हा तर आम्ही चार दिवस एकमेकांचे मेसेजसुद्धा अर्धे डोळे मिटून वाचत होतो.

माणसं सांगतो, नावं नाही. महाल भागातले दोन भाऊ, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. थोरला माझा वर्गमित्र. जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या ताई. बँकेतून निवृत्तीला आलेले काका, मंडळात वयाने सगळ्यात मोठे. एक प्राध्यापक, ज्यांनी मालिका ज्यांवर बेतली ती मार्टिन यांची पाचही पुस्तकं वाचली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात नोकरी. माझी बायको. आणि मी.

पुस्तकवाल्या प्राध्यापकांबद्दल थोडं थांबायला हवं, कारण मंडळातली सत्ता त्यांच्याकडून कशी सरकली यात अर्धं प्रकरण आहे. मार्टिन यांचं पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ च्या जुलैमधलं, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षीचं. सहावं आलंच नाही. मालिका पुस्तकांच्या मागून चालत होती तोवर आमचे प्राध्यापक म्हणजे गावचे जोशीबुवा. कोण मरणार ते त्यांना ठाऊक, आणि ते सांगत नाहीत म्हणून त्यांचा वचक. सहाव्या सीझनपर्यंत मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि एका सोमवारात जोशीबुवा आमच्यासारखेच सोफ्यावरचे झाले. पंचांगच संपलं. मग जो जास्त तर्क लढवेल त्याचं राज्य.

तर्क लढवायला वेळही भरपूर मिळाला. सातवा सीझन २०१७ च्या ऑगस्टअखेर संपला आणि आठवा उजाडला २०१९ च्या एप्रिलमध्ये. मधले जवळजवळ वीस महिने! थोरल्याने दुकानातल्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला टारगेरियनांची, म्हणजे मालिकेतल्या जुन्या राजघराण्याची, वंशावळ काढली होती. गिऱ्हाईक वायर मोजून मागायचं आणि हा त्याच हाताने रेगार आणि लिआना या जॉन स्नोच्या खऱ्या आईबापांची रेघ ओढायचा. जॉन हा खरा वारस, तोच मेलेल्यांची फौज घेऊन येणाऱ्या नाइट किंगला मारणार, तोच बसणार. त्याच्या लेखी हा अंदाज नव्हताच, हिशेब होता.

आता पुराव्याची वही.

१४ एप्रिलला, म्हणजे पहिल्या भागाच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही जमलो. आंबेडकर जयंती असल्यामुळे दीक्षाभूमीकडून येणाऱ्यांना वाहतुकीतून वाट काढत यायला तास लागला. पैज सावजीच्या जेवणाची. मी दोनशे पानी वहीत दोन रकाने आखले. पहिला: सिंहासनावर कोण बसेल? दुसरा: कोण बसावं असं तुम्हाला वाटतं? दुसरा रकाना मी उगाच घातला, मास्तराची खोड. पुढे तोच कामी आला.

पहिल्या रकान्यात जॉनला चार मतं, ड्रॅगनवाल्या टारगेरियन राणीला, डेनेरिसला दोन, जॉनसोबत वाढलेल्या सान्साला एक. काकांनी लिहिलं, ‘सिंहासनच राहणार नाही.’ सान्साच्या भावाचं, ब्रॅनचं नाव कोणाच्या डोक्यातही आलं नाही. दोन्ही रकान्यांत मिळून शून्य.

आठांपैकी सहा जणांचे दोन्ही रकाने सारखे होते, हे माझ्या ध्यानात आलं ते फार नंतर. जो बसेल असं वाटतं, तोच बसावा असंही वाटतं. फक्त दोघांची उत्तरं वेगळी. बायकोला वाटत होतं जॉन बसेल, पण तिला हवी होती सान्सा. काकांना डेनेरिसचा सल्लागार टिरियन हवा होता, पण तो मिळणार नाही याची त्यांना बँकेतल्या अनुभवावरून खात्री होती.

सीझन सुरू झाला. पहिले दोन भाग गोडीत गेले. तिसरा भाग, ती रात्रीची लढाई, ८२ मिनिटांची. ती चित्रित करायला म्हणे ५५ रात्री लागल्या. आमच्याकडे ती एप्रिलच्या उजेडात उघडली. नागपुरात त्या दिवसांत सहाच्या आत ऊन खिडकीत असतं. आम्ही दोन चादरी आणि एक सतरंजी खिळ्यांना अडकवली, तरी पडद्यावर आमचेच चेहरे दिसत होते. जगभर लोक अंधाराबद्दल ओरडले, आम्ही जरा जास्तच. आणि त्या अंधारात नाइट किंगला मारलं सान्साच्या बहिणीने, आर्याने. बायकोने टाळी वाजवली. थोरला उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ माठाजवळ उभा राहिला.

चौथ्या भागात विंटरफेलच्या किल्ल्यातल्या मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी कप राहून गेला होता, ते सगळ्या जगाने पाहिलंच. धाकटा म्हणाला, “विंटरफेलला टपरी कधी पडली बे?” त्याच भागात डेनेरिसचा ड्रॅगन आरमाराच्या टप्प्यात सापडून मेला, आणि भागानंतरच्या चर्चेत मालिकेच्या कर्त्यांपैकी एकाने सांगितलं की शत्रूच्या आरमाराचं डेनेरिसच्या जरा ध्यानातून गेलं होतं. ‘ध्यानातून गेलं’ हा आमच्याकडे त्या आठवड्याचा शब्द झाला. पोह्यात मीठ नाही? ध्यानातून गेलं. तारीख पडली? ध्यानातून गेलं. हसत होतो खरे, पण माझ्या मते विश्वास त्या आठवड्यातच उडाला. लेखकाला पात्राच्या बुद्धीची काळजी उरली नाही, असं एकदा वाटलं की प्रेक्षक प्रत्येक प्रसंग तपासूनच घेतो.

पाचव्या भागात घंटा वाजल्या, शहर शरण आलं, आणि डेनेरिसने तरीही ते जाळलं. ताई घरी गेल्या, जाताना चहाही घेतला नाही.

मग तो सोमवार. आदल्या दिवशी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा झाला होता आणि संध्याकाळभर एक्झिट पोल चालले होते, त्यामुळे रात्री कोणाची झोप धड झालेली नव्हती. नागपूरचं मतदान तर ११ एप्रिललाच उरकलेलं. आमच्या बोटावरची शाई पुसून गेली तरी निकाल यायचा होता. काका आल्या आल्या म्हणाले, “दोन निकाल लागायचे आहेत, एक आज, एक तेवीसला.” कूलरची हवा लागेल अशा जागेसाठी नेहमीची ढकलाढकली झाली. भाग सुरू झाला. जॉनने डेनेरिसला मारलं. तिच्या ड्रॅगनने, ड्रोगॉनने लोखंडी सिंहासनावर आग ओकली, सिंहासन वितळून ओघळायला लागलं, आणि लाईन गेली.

अक्षरशः त्याच घडीला. कूलर बंद, टीव्ही बंद, राउटर बंद. धाकट्याने हॉटस्पॉट दिला, माझा लॅपटॉप उघडला. ब्रॅनला नवा राजा निवडणारी ती सभा आठ माणसांनी एकमेकांच्या खांद्यांवरून चौदा इंची पडद्यावर, घामाच्या धारांत, मध्ये मध्ये फिरणारं चक्र बघत पाहिली. केस लिहिणाऱ्याने हे नोंदवायलाच हवं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, कूलरशिवाय पाहिलेला कुठलाही शेवट वाईटच वाटणार. म्हणून शनिवारी मी, बायको आणि काकांनी तो भाग पुन्हा पाहिला, कूलर चालू असताना. सान्साचा राज्याभिषेक पहिल्यापेक्षा फार चांगला वाटला. सभा तशीच वाटली.

सोमवारी पडदा मिटल्यावर मिनिटभर कोणी बोललं नाही. लाईन अजून आली नव्हती. पहिल्या बोलल्या ताई.

“राणीचा खून झाला. आरोपी कबूल करतो. साक्षीदार एक ड्रॅगन, तो फरार. आणि खटला कुठे? मधले आठवडे कापले. कैदेतला टिरियन बेड्यांसकट उभा राहतो आणि राजा कोण ते सुचवतो. असं कुठल्या कोर्टात होतं?”

धाकटा म्हणाला, “ताई, ती वेडी झाली होती.”

“झाली असेल. मीरीन शहरात तिने गुलामांच्या मालकांना खांबांवर ठोकलं, टार्ली बापलेकांना जाळलं, सगळं रेकॉर्डवर आहे. मी कुठे नाही म्हणते? पण एवढा मोठा आरोप एका घंटेवर? माझ्या अशिलाला बाजू मांडायला एक तारीख तरी द्यायची होती.”

मला हे अजूनही त्या शेवटावरचं सगळ्यात नेमकं बोलणं वाटतं. आरोप त्या मान्य करत होत्या. पुरावा घाईत नोंदवला, ही त्यांची तक्रार होती.

मिहानवालीची तक्रार वेगळी, आणि तिचं तिथं असणंच वेगळं होतं. तिने आधीचे ६७ भाग मार्चअखेरपासून तीन आठवड्यांत पाहून काढले होते, रोज रात्री तीन-तीन तास. थोरला तिला ‘तीन आठवड्यांची फॅन’ म्हणायचा. पण तिला पहिला भाग जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचा आठवत होता, आम्हाला तो पाच वर्षांपूर्वीचा. ती म्हणाली, “सर, पहिल्या भागात राजाला विंटरफेलला पोचायला महिना लागला होता. म्हणून तर वाटेत, खानावळीत, जंगलात सगळं घडायचं. आता लोक एका सीनमध्ये निघतात आणि दुसऱ्यात पोचतात. मग माणूस वाटेत बदलला हे मी कुठे पाहायचं?” आणि पुढे, “आई रोज तिच्या मराठी सिरीयलला शिव्या घालते, ताणली म्हणून. यांनी गुंडाळली, सर.”

हा शब्द खोलीत सगळ्यांना पटला. मालिकेबद्दल आपली पिढ्यान्‌पिढ्या तक्रार एकच, ताणल्याची. सून कोमातून बाहेर येत नाही, दार वाजतं आणि भाग संपतो. गुंडाळल्याची तक्रार करायची वेळ आपल्यावर येते कधी? आकडेही तिच्याच बाजूचे आहेत. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातचा, आठवा सहाचा. वाहिनी आणखी द्यायला तयार होती. थांबायचं कर्त्यांनी ठरवलं होतं.

काका इतका वेळ गप्प होते. त्यांनी मग महाभारताचा हिशेब मांडला. भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य, सौप्तिक. दहाव्या पर्वात युद्ध आटोपतं. पुढे आठ पर्वं उरतात. बायकांचा विलाप आहे, शरपंजरी पडलेल्या भीष्माचं बोलणं आहे आणि शांतिपर्व तर सगळ्यात लांब. धृतराष्ट्र वनात जातो, यादव आपसांत मरतात, आणि हिमालयाच्या वाटेवर एकेक जण पडतो. “जिंकलेला युधिष्ठिर सुखी नाही, हे व्यासांना एका ओळीत सांगता आलं असतं,” काका म्हणाले, “पण त्याला तेवढा वेळ दिला म्हणून ते आपल्याला खरं वाटतं. इथे मोठी लढाई झाल्यावर तीन भाग. शहर जळल्यावर एक.” मला यात थोडी खोट दिसते. शांतिपर्व मालिका म्हणून कोणी सोमवारी पहाटे उठून पाहिलं नसतं. पण मुद्दा मोडत नाही.

आणि इथे मी चूक केली. पोहे वाढता वाढता, वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणालो, “पण ब्रॅन काही इतका वाईट नाही. तसं पाहिलं तर शेवट ठीकच होता.”

थोरल्याने प्लेट खाली ठेवली. “तुझं काय बे. तू फक्त सोफा दिला. वाट आम्ही पाहिली.”

“अरे, मीही सीझन चारपासून...”

“जॉनचा बाप कोण, हे इतकी वर्षं लपवून ठेवलं. कायले? शेवटी त्याले बर्फातच पाठवायचं होतं तर तो कोणाचाही पोरगा चालला असता ना.”

मी हसलो. हसायला नको होतं. तो उठला, चपलांच्या स्टँडवरून फोन घेतला आणि गेला. दुपारी ग्रुपवर त्याच्या नावापुढे ‘लेफ्ट’ दिसलं. धाकट्याने दुकानातल्या गल्ल्यावर बसून आठवा सीझन नव्याने बनवा अशी मागणी करणाऱ्या त्या प्रसिद्ध अर्जावर सही केली आणि आम्हाला स्क्रीनशॉट पाठवला. त्या अर्जावर पुढे १५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. सही करणाऱ्यांत असा सीझन खरंच पुन्हा बनेल असं मानणारा एकही नसावा. तरीही लोकांनी सही केली, कारण बाकी कुठे तक्रार नोंदवायची सोय नव्हती.

पैजेचा निकाल वेगळाच लागला. काका म्हणाले, सिंहासन राहणार नाही असं मी लिहिलं होतं, ते वितळलं, सावजी माझं. ताईंनी वही मागवली, प्रश्न वाचला: ‘सिंहासनावर कोण बसेल?’ आणि निर्णय दिला की काकांनी प्रश्नाचं उत्तर न देता प्रश्नच खोडला आहे, सबब पैज रद्द. सहा जण सावजीला गेलो, ज्याचे त्याने पैसे भरले. काका अजून अपील करतात.

जेवून आल्यावर मी वही पुन्हा काढली आणि तेव्हा मला तो दुसरा रकाना दिसला. ज्यांचे रकाने वेगळे होते ते दोघंही शांत होते. काकांनी तक्रार केली ती रचनेची, बायकोला तर शेवट आवडलाच. ज्यांचे रकाने सारखे, त्यांत चिडणारे सगळे. हो, आठ माणसांवरून सिद्धांत मांडू नये, हे मी स्वतःच वर्गात सांगतो. शिवाय मी आणि प्राध्यापक या मांडणीत बसत नाही. आमचेही रकाने सारखे होते आणि आम्ही चिडलो नाही. मी का नाही, हे थोरल्याने सांगितलंच: मी वाट पाहिली नव्हती, सोफा दिला होता. प्राध्यापकांच्या मते तर गोष्ट अजून संपलेलीच नाही, सहावं पुस्तक यायचंय. त्या दिवशी सगळ्यात सुखी तेच दिसत होते, आणि थोडे खवचटही.

पण एक गोष्ट मला वहीतून पटली. त्या खोलीत दोन वेगळी दुःखं एकाच शब्दात बोलली जात होती. ताई आणि मिहानवाली म्हणत होत्या, झालं ते पटवलं नाही. थोरला म्हणत होता, मी ठरवलं होतं ते झालं नाही. पहिली तक्रार कारागिरीची आहे आणि माझ्या मते ती शंभर टक्के रास्त आहे. दुसरीला मी तेव्हा हट्ट म्हटलं. आता म्हणवत नाही. वीस महिने त्या माणसाने कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःची मालिका लिहिली होती. वायरच्या भेंडोळ्यांमध्ये बसून त्याने जे रचलं ते, खरं सांगायचं तर, सहाव्या भागापेक्षा जास्त जुळवलेलं होतं. कोणी ते पाहिलं नाही. मी पाहिलं होतं, आणि मी पोहे वाढत हसलो.

सप्टेंबरमध्ये एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे पुरस्कार, जाहीर झाले. शेवटच्या सीझनला ३२ नामांकनं, १२ पुरस्कार, त्यांत सर्वोत्तम नाट्यमालिकेचाही. ताईंनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘वरच्या कोर्टाने खालचा निकाल कायम केला.’

२२ ऑगस्ट २०२२, पुन्हा सोमवार, पुन्हा साडेसहा. त्याच टारगेरियनांच्या जुन्या पिढ्यांची नवी मालिका सुरू होत होती. बाहेर पाऊस, त्यामुळे कूलरचा प्रश्न नव्हता. काका पुण्याला मुलाकडे गेलेले, मिहानवालीची बदली झालेली. धाकटा आला, आणि त्याच्या मागून रेनकोट झटकत थोरला. मी काही बोललो नाही, तोही नाही. फोन त्याने सवयीने चपलांच्या स्टँडवर ठेवला.

भाग संपल्यावर बायकोने वही आणली. नवं पान, दोन रकाने आखलेले. ती त्याच्यापुढे आली तेव्हा त्याने पेन बाजूला सारलं आणि म्हणाला, “तर्री अजून आहे का?”

दोन प्लेट खाल्ल्या त्याने. वही कोरी.